श्वासाची पाळी

आमचे सर आज दुपारी साडेचारला वारले. तसं काही घडलेलंच नाही असं धरून पुढचं लिहितो, कारण ते समोर उभे आहेत.

तीस वर्षं सरांनी आमच्या गानवृंदासाठी प्रार्थनाच रचल्या. प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी एक लांबलचक स्वर असतो. तो तुटू नये म्हणून आम्ही चोवीस जण पाळीपाळीने श्वास घेतो, आणि सरांनी मूठ मिटली की सगळे एकदम थांबतो.

आज त्यांनी मूठ मिटली. आम्ही थांबलो. स्वर थांबला नाही.

"अहो, पुरे आता, देवाला ऐकू गेलं!" पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या. काकू म्हणजे सरांची बायको.

पण सरांचं तोंड मिटलेलं होतं. काकूंनी पुढे होऊन त्यांच्या छातीला कान लावला.

"स्वर इथेच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "श्वास नाहीये."

स्वर बारीक होऊ लागला, तसे सरांचे गुडघे वाकले. "गा रे, गा!" काकू ओरडल्या. आम्ही तोच स्वर उचलला. सर पुन्हा ताठ झाले.

तेव्हापासून गातोय. कुणी खोकलं की त्यांची मान कलते. डॉक्टरांनी फोनवर स्वर ऐकला आणि फोन ठेवून दिला. दोघी चक्कर येऊन खाली बसल्यात. मी कार्यवाह, म्हणून माझ्या श्वासाच्या पाळीला एकेक ओळ लिहितोय.

सभागृहाच्या दारात रखवालदार उभा आहे. "सहाला कुलूप म्हणजे कुलूप, देव आला तरी."

तरी माननीय व्यवस्थापकांना नम्र विनंती, की आज सहा वाजू देऊ नयेत.