डॉक्टरांच्या औषधाचा गुण

लढाईवरून परतलेल्या डॉक्टर गुप्त्यांनी कर्जतच्या बाजारात दवाखाना थाटला. तापाचा रोगी आला की ते क्विनीन देत आणि बजावत, "बरं वाटलं की सांगायला ये. चार लोकांना कळायला हवं." पण एकदा आलेला माणूस पुन्हा फिरकेचना. आपल्या औषधाने माणसं दगावतात की काय, या धास्तीने डॉक्टरांची झोप उडाली.

बाजाराच्या दिवशी त्यांना तापावर औषध नेलेली ठाकरवाडीची चिमा दिसली. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन टुणटुणीत चालली होती.

"अगं, ताप गेला ना? मग सांगायला का नाही आलीस?"

"सांगितलं की, भगताला! नवसाचा कोंबडाबी दिला. अवघ्या वाडीनं दिला."

डॉक्टर तणतणत दवाखान्यात परतले, तर ओसरीवर एक नवा रोगी पोट धरून बसलेला. वाडीचा जैतू भगत.



"डाक्तर, माणसं जरा दमानं बरी करा," तो कण्हत म्हणाला. "रोजचा कोंबडा आता मला पचत नाय."