मोनालीची नोकरी

समाजकार्य शिकणारी मोनाली गडचिरोलीच्या एका दवाखान्यात बिनपगारी इंटर्नशिप करत होती. जंगलातल्या गावांतून आलेल्या पेशंटांचं गोंडी बोलणं डॉक्टरांना मराठीत सांगायचं आणि डॉक्टरांचं त्यांना, यातच तिचा दिवस जायचा. घरी गेलं की आईचं ठरलेलं, "एवढी राबतं, मंग पगार काऊन नाई देत वं ते?" शेवटी थकून तिनं कापडाच्या दुकानातली नोकरी धरली. आज दुपारी तिथं हजर व्हायचं होतं.

निरोप घ्यायला ती वॉर्डात गेली, तर तिथले एक म्हातारे पेशंट, बुधूबाबा, ऑपरेशनला तयारच होईनात. "तू दाराशी बसशील तरच आत जातो," ते गोंडीत म्हणाले.

ती बसली. दुकानातून फोन आला. "आज येनं होत नाई जी," ती म्हणाली.

"मंग उद्याबी येऊ नको," म्हणत शेठनं फोन ठेवला.

संध्याकाळी बुधूबाबा शुद्धीवर आले. त्यांनी तिचा हात धरला. मग हळूच म्हणाले, "पोरी, माझी नात बारावीला आहे. तिलाही तुझ्यासारखी नोकरी लावून दे."