तापणारी काच

सोनगीरला हायवेलगत वाल्मीकचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पौषातल्या एका धुकट सकाळी आधारनाना आपली जुनी जीप घेऊन आले. भंगारातून आणलेली तापणारी काच त्यांनी पुढे बसवून घेतली होती. दोन काचांच्या मधे केसासारख्या बारीक तारा होत्या.

"घाटमा काहीच दिखस नही, भाऊ."

वाल्मीकने वायर जोडली, बटण दाबलं आणि तपासायला नेहमीसारखी काचेवर तोंडाची वाफ सोडली. बिडीमुळे त्याचा श्वास मधेच एकदा अडखळायचा. तारा तापल्या तशी वाफ उडाली.

तेवढ्यात शेजारी दुसरी वाफ उमटली. तोंडाएवढी, गोल.

जीप रिकामी होती. नाना त्याच्या मागे उभे होते. त्याने काच बाहेरून पुसली, मग आतून पुसली. वाफ तिथेच होती, दोन काचांच्या मधे.

त्याने बॅटरीची वायर काढून टाकली. वाफ संथपणे येत राहिली, विरत राहिली. आपल्याच श्वासाची असेल म्हणून त्याने श्वास रोखून धरला.

वाफ आली. या वेळी मधेच एकदा अडखळली.

"वाल्मीक, दम ले ना रे," नाना म्हणाले.

वाल्मीकने तोंड उघडलं. छाती हललीच नाही.