वाढायच्या काड्या

दू आजीने माशाचा तुकडा तोंडात घातला, गालातल्या गालात घोळवला, ओठांच्या कोपऱ्यातून एकेक काटा बाहेर काढला आणि उरलेला मऊ, ओला, चकाकता गोळा जेवायच्या काड्यांनी उचलून नातीच्या भातावर ठेवला.

"खा गं माझे माकडिणी. एक जरी काटा सापडला तर आजीचं नाव बदल."

शाओमानने गोळ्याकडे पाहिलं. भाताचा जो कोपरा त्याला लागला नव्हता तेवढाच खाल्ला आणि काड्या खाली ठेवल्या.

"पोट भरलं."

"चिमणीसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त खाते! बरं, कोळंबी घे." आजीने काड्यांना चिकटलेली मिरची चट्‌कन चोखून घेतली, नातीला तिखट लागू नये म्हणून. मग दातांनी कोळंबीचं डोकं तोडलं, जिभेने साल सोडवली आणि कोळंबी नातीच्या वाटीत टाकली. दुसरी सुनेच्या वाटीत.

छ्यूलानने ती न चावताच गिळली. कोळंबीला लसणाच्या लोणच्याचा वास येत होता, आणि लोणचं एकट्या सासूने खाल्लं होतं. मोठ्या माणसाने वाटीत घातलेला घास परत ठेवायचा नाही, ही रीत. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती असंच गिळत आली होती, वर हसतही आली होती. किळस आली की तिला स्वतःचीच लाज वाटे. आपण परक्या घरच्या, म्हणून आपलं मन कोतं. शाओमान तर आजीच्या रक्तामांसाची. तिला कसली किळस? पोरीचे नखरे जिभेचे आहेत, असंच छ्यूलान धरून चालली होती.

ते नखरे आता जिवावर बेतले होते. परवा व्यायामशाळेत उंच दांडीवरून शाओमानचे हात सुटले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. खाली गादी होती म्हणून मान वाचली. प्रांताच्या जिम्नॅस्टिक्स संघाची निवड तोंडावर आली असताना तिच्या प्रशिक्षक यान बाईंनी छ्यूलानला व्यायामशाळेच्या दारातच गाठलं.

"उपाशी पोरीला मी दांडीवर चढवत नाही. अंगात ताकद दिसली नाही तर नाव काढून टाकीन."

"काय करू बाई? मासा नको, कोळंबी नको. घरात रोज रडारड."

"मासा नको?" यान बाईंनी भुवया उंचावल्या. "आज तिला आमच्या खानावळीत बसवलंय. या, बघा तुमची नाजूक राजकन्या."

छ्यूलानने खिडकीतून पाहिलं. आचाऱ्याने लांब डावाने शाओमानच्या ताटात वाफवलेला मासा वाढला. तोच हान नदीचा मासा, तेच आलं, तोच कांदा. पोरगी स्वतःच्या बोटांनी काटे काढत होती आणि अधाशासारखी खात होती. ताट पुढे करून तिने आणखी मागून घेतलं.

घरी जाताना पुलावर छ्यूलानने लेकीचा दंड धरला. "तिथे हादडतेस आणि घरी नाटकं?"

शाओमान तळहातांवरची खडूची पांढरी पूड झटकत राहिली. मग म्हणाली, "तिथला घास कुणाच्या तोंडातून फिरून येत नाही."

आजवर गिळलेले सगळे घास छ्यूलानच्या घशाशी आले. तिने लेकीचा दंड सोडला.

"आजीला सांगू नकोस हं, आई," पोरगी घाईघाईने म्हणाली. "तिला वाटेल, मी तिला घाण म्हणते. त्यापेक्षा मी दांडी सोडते."

शबरीची उष्टी बोरं रामाने गोड मानून खाल्ली, हे खरंच. पण राम तो राम, आणि त्याला दुसऱ्या दिवशी दांडीला उलटं लटकायचं नव्हतं.

संध्याकाळी छ्यूलानने टेबलाच्या मधोमध लांब, कोऱ्या काड्यांची एक जोडी ठेवली.

"ह्या कुणाच्या गं?" आजीने विचारलं. "कोण पाहुणा येतोय?"

"कुणी नाही, आई," छ्यूलान सासूला म्हणाली. "ह्या फक्त वाढायच्या. तोंडात घालायच्या नाहीत."

"ऐका! आता घरच्या माणसांतही..." आजी हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. नातीने मान खाली घातली होती. "माझ्या तोंडची किळस येते तुम्हाला?"

टेबलाखाली शाओमानने आईचा हात घट्ट दाबला. नाही म्हणणं किती सोपं होतं. छ्यूलानला त्याची सवयही होती.

"हो, आई," ती म्हणाली. "येते. दोघींनाही."

आजीने स्वतःच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. भिंतीवर तिच्या सासूचा फोटो होता. रोज सकाळी आजी त्याच्यापुढे उदबत्ती लावायची. त्या फोटोकडे ती बघत राहिली. माशावरची वाफ विरून गेली. आता ही ताटावरून उठणार, छ्यूलानला वाटलं.

आजीने कोऱ्या काड्या उचलल्या. माशाच्या पोटाचा मोठा तुकडा काट्यांसकट नातीच्या वाटीत ठेवला. दुसरा सुनेच्या. मग काड्या सुनेच्या हातात दिल्या आणि स्वतःची वाटी पुढे केली.

"आता मला वाढ," फोटोकडे मानेने खूण करत ती म्हणाली. "त्या बाईच्या तोंडातला मासा अजून माझ्या घशात अडकलाय."