पुढच्या चाकांखालची लिंबं

कोल्हापूरच्या शर्यतीच्या धावपट्टीवर वैजयंताची गाडी सलग तिसऱ्यांदा सुटतानाच घसरली. इंजिनाची सगळी ताकद पुढच्या चाकांवर, आणि त्या चाकांना तर पालीच्या पायासारखी जिवंत कातडी. ती काचेलासुद्धा धरून ठेवायची. मग घसरतेय कशी? छडा लावल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून ती चाकाशी पालथी झोपली. कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. वास आंबट होता.

तेवढ्यात नजर लागू नये म्हणून तिचे वडील, आबा, दर वेळेसारखी दोन लिंबं पुढच्या चाकांखाली ठेवायला वाकले.

“आबा, आता मागच्या चाकांखाली ठेवा.”

“का गं?”

“नजर मागच्यांचीच लागणार. आपल्या पुढं कोण असणार आहे?”