मोठ्या डॉक्टरांचा हातगुण

"नुसतं थर्मामीटर लावून वार पडते होय? तुमच्या बाबांनी पाच मिनिटांत मोकळी केली असती गाय," गोठ्याचा मालक गुरांच्या डॉक्टरीणबाईच्या कानाशी पुटपुटला.

वासरू होऊन दीड दिवस झाला, तरी वासरामागून पडायची वार गाईच्या मागे लोंबतच होती. अंगात ताप नव्हता, गाय चाराही खात होती. "ओढायची नाही, आपोआप गळून पडेल. रोज ताप बघू, चढला तर इंजेक्शनं देऊ," डॉक्टरीणबाईने तिसऱ्यांदा सांगितलं. ओढली की गर्भपिशवीला आतून जखमा होतात, एवढं मात्र तिने तोंडातून काढलं नाही. कारण बाबा मागेच उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून गावोगावच्या गाईंची वार काढली होती, आणि त्या हातगुणाच्या कौतुकावरच त्यांचं म्हातारपण ताठ उभं होतं.

"सर बाजूला, पोरी," म्हणत त्यांनी बाही वर सारली. मालकाने लगबगीने गरम पाण्याची बादली पुढे केली. तिला काही बापाचा हात धरवेना.

गव्हाणीपाशी बसलेली मालकाची आई तेवढी उठली आणि बाबा आणि गाय यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.



"राहू द्या, डॉक्टर. तुम्ही वार काढलेली आमची एकही गाय पुन्हा गाभण राहिली नाही. एकेक करून सगळ्या कसायाकडे गेल्या, पण तुम्हाला सांगायचं कुणी?"