आमचं पाणी

आरोग्य केंद्राच्या खाटेवर पोट आवळून पडलेले नवरदेवाचे वडील, रंगराव, अजून गुरगुरतच होते. "या खेड्यात सोयरीक नको म्हणून मी आधीच बजावलं होतं. शिळंपाकं घातलं आम्हाला." त्यांच्याकडची अठरा माणसं सकाळपासून संडासाच्या रांगेत होती आणि मुहूर्त दोन तासांवर आला होता.

"जुलाब काही फक्त अन्नानेच होत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी होतात, काहींना दुधानेही होतात. पण एकदम अठरा जणांना? पंगत एकच होती ना? मग मुलीकडचं कुणीच कसं आजारी नाही?"

"त्यांना काहीही पचतं."

"आणि पाणी?"

"ते आम्ही आमचं आणलं, शहरातून वीस जार. यांच्या विहिरीच्या पाण्याने आम्ही पायसुद्धा धुणार नाही."

त्यांनी सोबत आणलेला जार बाईंनी उजेडाकडे वळवला. तळाशी हिरवट शेवाळ हलत होतं.

दारात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या व्याह्यांनी सगळं ऐकलं होतं. "मीठ-साखर घातलीय, उकळलेलं आहे," ते म्हणाले. "आमच्याच विहिरीचं. पाय नका धुऊ, प्या."

रंगरावांनी तांब्याला थेट तोंड लावलं.